मागून आणलेलं गालगुंड

"गेल्या महिनाभरात घरात किंवा शेजारी कुणाला गालगुंड झालं होतं का?"

लस टोचण्याआधी जो कागद भरावा लागतो त्यावर असले पंधरा-वीस प्रश्न असतात. ते कुठलीही आई वाचत नाही. वरपासून खालपर्यंत 'नाही'ला गोल, 'नाही'ला गोल करत जायचं, खाली सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. मिनोरीनंही तेच केलं होतं. पण डॉक्टर मुनेकाता सत्तरीच्या होत्या आणि त्यांचा आयांवर काडीचा विश्वास नव्हता. त्या प्रत्येक प्रश्न नव्यानं मोठ्यानं वाचत आणि आईकडे न बघता थेट मुलाला विचारत.

"रिकुतोला झालं होतं," सहा वर्षांची नात्सुमे पाय हलवत म्हणाली. "म्हणून तर आम्ही गेलो होतो."

"कुठे गेला होतात?"

"त्याच्या घरी. आजी आणि मी. आणायला."

"काय आणायला?"

"गालगुंड," नात्सुमे म्हणाली. शेजारून वाटीभर साखर आणायला गेल्यासारखी.

मिनोरी हसली. पोरं काहीही बोलतात, असं दाखवणारं ते हसू होतं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "मग तिथे काय काय केलंत, सांग बरं."

नात्सुमेनं सगळं सांगितलं, अगदी क्रमानं, कारण ती शहाणी मुलगी होती. रिकुतो गादीवर झोपला होता. त्याचे गाल एवढे होते. त्याच्या पांघरुणात शिरून त्याच्या तोंडाकडे तोंड करून झोपायचं, शंभर आकडे मोजून होईपर्यंत. मग त्यानं अर्धी टाकलेली तांदळाची पेज त्याच्याच चमच्यानं खायची. "त्याचं नाक गळत होतं आणि पेजेत पडलं होतं थोडं. आजी म्हणाली, चमचा नीट चाट, वरवर नको. मी चाटला. मी रडले नाही."

मिनोरीच्या तोंडात कोमट, खारट पाणी जमा झालं आणि ते गिळताना तिला वाटलं की तो चमचा आपल्याच जिभेवर ठेवलाय.

"हे कधी झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आम्ही दाणे फेकून राक्षसाला हाकललं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे चार फेब्रुवारी. आदल्या संध्याकाळी याच घरानं दारात उभं राहून भाजलेले सोयाबीन बाहेर फेकले होते, रोगराई बाहेर, सुखसमृद्धी आत, म्हणून घसा फाडून ओरडा केला होता. आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी नातीचा हात धरून रोगराई आणायला शेजारी गेली. आज पंधरा तारीख. डॉक्टरांनी भरलेली सुई उचलून बाजूच्या थाळीत ठेवून दिली.

"आज टोचत नाही. अकरा दिवस झालेत. आजार आत शिरला असेल तर ही लस आता त्याला गाठू शकणार नाही. मार्च लागेपर्यंत वाट बघा. काही झालं नाही तर या."

"आणि झालं तर?"

"बहुतेक मुलांचं आठवड्यात उतरतं. काहींच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. काहींचा कान जातो, बहुधा एकाच बाजूचा, आणि तो परत येत नाही. हजारात एखाद्याचा, कधी त्याहून जास्त. मूल सांगत नाही, कारण दुसऱ्या कानानं त्याचं भागतं. गाल सुजले की रोज दोन्ही कानांपाशी बोटावर बोट चोळा आणि ऐकू येतंय का विचारा. पुढचे दोन-तीन आठवडे. एक दिवसही चुकवू नका."

मग त्यांनी नात्सुमेची वही उघडली. बाळ पोटात असल्यापासून नगरपालिका देते ती, आई-बाळाची वही. लशींच्या पानावर शिक्के एकाखाली एक, कसे रांगेत बसलेले. गोवर, क्षय, डांग्या खोकला, सगळं वेळेवर, काही तर ठरल्या दिवशी. फक्त गालगुंडाच्या ओळीतले दोन्ही रकाने कोरे.

"पहिली लस एक वर्षाची झाल्यावर. दुसरी शाळेच्या आदल्या वर्षी. पहिलीला पाच वर्षं उशीर झाला," डॉक्टर म्हणाल्या. "का, विचारू?"

मिनोरी काय सांगणार? ज्या लशींसाठी नगरपालिकेचं पत्र येई, त्या तिनं कधी चुकवल्या नव्हत्या. पत्र आलं की ती ते फ्रिजच्या दाराला चिकटवायची आणि त्या दिवशी कारखान्यातून अर्धी सुट्टी घ्यायची. या लशीचं पत्र येत नाही. ती आपणहून ठरवायची, आपल्या पैशानं घ्यायची. डॉक्टर दर वेळी सांगत, मिनोरी दर वेळी मान डोलावत असे. पण ज्याचं पत्र येत नाही ते महत्त्वाचं कसं असेल, हा हिशेब तिच्या डोक्यात इतका पक्का बसला होता की आपण असा विचार करतो हेसुद्धा तिला आज कळलं. एकदा सर्दी आडवी आली, एकदा खेकड्यांच्या हंगामातली कारखान्याची गर्दी, एकदा नुसताच कंटाळा.

"राहून गेलं," ती म्हणाली.

"हं," डॉक्टर मुनेकाता म्हणाल्या, आणि त्या एका अक्षरात जी काही किळस होती ती मिनोरीला घरापर्यंत पुरली.

घरी सासूबाई, तोमिए, खाली शेगडी बसवलेल्या टेबलात पाय घालून संत्री सोलत बसल्या होत्या. नात्सुमेनं बूट काढून आत धूम ठोकली. मिनोरी कोट न काढताच उभी राहिली.

"आई, तुम्ही नात्सुमेला इसोबेंकडे नेलं होतं?"

"नेलं होतं की."

"त्यांच्या रिकुतोच्या पांघरुणात झोपवलंत?"

"मग काय, दारातून नमस्कार करून गालगुंड मिळतं का?" तोमिएंनी संत्र्याची शीर काढत म्हटलं. "तूच म्हणत होतीस ना, शाळेत जायच्या आधी एकदाचं उरकायला हवं? उरकलं."

"मी लशीबद्दल म्हणत होते!"

"सहा वर्षं म्हणतेयस, बाई. मी एका दुपारी करून आले."

ही चपराक बरोबर बसली. तेवढ्यात तोमिए उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचं मच्छीमार संघाचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. त्यावर पेन्सिलीनं बारीक खुणा होत्या. म्हातारीनं सगळं मोजून ठेवलं होतं.

"हे बघ. चार तारखेला आणलं. अठरा दिवसांनी गाल येणार. मार्च लागेपर्यंत उतरणार. वीस मार्चला बालवाडीचा निरोप समारंभ, आठ एप्रिलला शाळेचा पहिला दिवस. कुठे अडतंय का बघ! ऐन शाळेच्या तोंडावर गाल आले असते म्हणजे? पोरगी पहिल्या दिवसाच्या फोटोतच नसती. तुम्ही मुली वेळापत्रक वेळापत्रक करता, पाळायचं कसं ते आमच्याकडून शिका."

"त्या पोराचा शेंबूड पडलेला चमचा चाटायला लावलात तुम्ही तिला."

"त्याशिवाय लागत नाही ना! माझ्या शुंसाकुला लहानपणी त्याच्या मामेभावाचा टॉवेल चोखायला दिला होता मी. झालं काही? चांगला दोन पोती उचलतो. खऱ्या आजारानं अंग पक्कं होतं, ते सुईच्या पाण्यानं थोडंच?"

"आणि रिकुतोच्या आई इसोबे काय म्हणाल्या? त्यांना काही वाटलं नाही?"

"सातोको? काय गोड बाई आहे! मी लाल चवळीच्या गोड सारणाच्या वड्यांची पेटी नेली होती, चांगल्या दुकानातली. वाकून म्हटलं, थोडंसं आम्हालाही द्या. ती म्हणाली, न्या की, एवढं आहे, संपता संपत नाही! हसून हसून पुरेवाट झाली आमची. दुसऱ्या दिवशी परतभेट म्हणून स्ट्रॉबेऱ्यासुद्धा पाठवल्या बिचारीनं."

स्ट्रॉबेऱ्या! मिनोरीला आठवल्या. मोठ्या, लालबुंद, कागदाच्या घरट्यात एकेक बसवलेल्या. त्यातल्या सात-आठ तिनं स्वतः खाल्ल्या होत्या, दुधात कुस्करून. एवढंच नव्हे, सातोकोला फोन करून आभार मानले होते. 'किती हो आठवण ठेवता तुम्ही, आमच्याकडून काहीच झालं नाही,' असंही म्हणाली होती; आणि सातोको पलीकडून म्हणाली होती, 'छे हो, तुमच्याकडचं तर आधीच आलंय.' दोघीही फोनसमोर नमस्कारासाठी वाकल्या असतील. मिनोरी मोरीत गेली आणि नळ सोडून तोंड धुत राहिली. दहा दिवसांपूर्वीच्या स्ट्रॉबेऱ्या आता ओकून टाकता येत नाहीत, एवढंच तिच्या लक्षात येत राहिलं.

संध्याकाळी नवरा आला. शुंसाकु बंदरावर शीतगृहाची गाडी चालवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान खाजवली आणि म्हणाला, "झालं ते झालं. आईनं चांगल्यासाठीच केलं."

या घरात सगळं चांगल्यासाठीच होत असे. मिनोरीला त्या शब्दाची शिसारी आली.

बावीस तारखेला सकाळी नात्सुमे उठली ती डावा गाल फुगवूनच. दुपारपर्यंत उजवाही आला. तोमिएंची पेन्सिल एका दिवसानंही चुकली नव्हती आणि त्या आनंदानं त्या अक्षरशः टाळ्या पिटत होत्या.

"आला, आला! अगं बघ तरी, जत्रेतला गालफुगीचा मुखवटा नुसता! शुंसाकु, फोटो काढ. सातोकोला पाठव, म्हणावं तुमचं सामान पोचलं."

आणि शुंसाकुनं फोटो काढला. पलीकडून टाळ्यांची चित्रं आली, 'अभिनंदन' आलं. संध्याकाळी तोमिएंनी लाल चवळी घालून मंगल प्रसंगाचा लाल भात शिजवला. घरात कुणी मोठं झालं, कुणी पास झालं की शिजवतात तो. ज्या पोरीसाठी शिजवला तिला तोंड उघडता येत नव्हतं. अंगात ताप, थुंकी गिळली तरी डोळ्यांत पाणी. मिनोरीनं तिला नळीनं पाणी पाजलं आणि शेजारच्या खोलीतून चमच्यांचे, वाट्यांचे आवाज येत राहिले. त्या भाताचा वास पडद्यांना, कपड्यांना, पोरीच्या उशीला लागला होता.

मिनोरीनं कारखान्यातून सुट्टी घेतली. तिथं माशांच्या लगद्याच्या वड्या वाफवायचं काम होतं आणि हे दिवस गर्दीचे होते. मुकादम फोनवर नुसतं "हो का" म्हणाला. रोज सकाळी ती नात्सुमेसमोर बसे. उजव्या कानापाशी बोटावर बोट चोळायचं, "येतंय?" "हो." डाव्या कानापाशी, "येतंय?" "हो." मग दोघी हसायच्या. तोमिए दारातून म्हणायच्या, "झाली का पूजा?"

पाचव्या दिवशी सूज उतरली. आठव्या दिवशी नात्सुमे अंगणात बर्फाचे गोळे करत होती. मिनोरीला वाटलं, सुटलो. तरी डॉक्टरांनी एक दिवसही चुकवू नका म्हटलं होतं, म्हणून नवव्या सकाळी ती पुन्हा बसली. उजव्या बाजूला "हो" आलं. डाव्या बाजूला हात नेताना तिला शिंक आली. हात तसाच वर, बोटं स्थिर, आणि नात्सुमे म्हणाली, "हो."

"मी चोळलंच नाही अजून."

नात्सुमेनं चूक पकडली गेल्यासारखं खाली बघितलं.

"डोळे मीट, आणि उजव्या कानात बोट घट्ट घाल," मिनोरी म्हणाली. तिनं डाव्या कानापाशी बोटं चोळली. मग चुटकी वाजवली. मग टाळी वाजवली, इतकी जोरात की स्वयंपाकघरातून तोमिए "काय झालं?" म्हणत आल्या. नात्सुमे डोळे मिटून वाट बघत होती.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"माहीत नाही," नात्सुमे रडवेली झाली. "तुझा हात वर आला की हो म्हणायचं, असं मला वाटलं."

मुलीनं रोज बरोबर उत्तर दिलं होतं, आईला बरं वाटावं म्हणून. आणि आईनं रोज ते घेतलं होतं, स्वतःला बरं वाटावं म्हणून. एकदा डोळे मीट म्हणायला काय झालं होतं? मिनोरीला आपल्या त्या सकाळच्या हसण्याचीच किळस आली.

मोठं हॉस्पिटल गाडीनं दोन तासांवर होतं. तिथं नात्सुमेला काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं, आवाज आला की बटण दाब म्हणून सांगितलं. उजव्या कानाला बटण दाबलं जात होतं. मग आवाज डावीकडे गेला आणि ती बटणावर अंगठा ठेवून शांत बसून राहिली. काचेतून मिनोरीला तो अंगठा दिसत होता. तपासणीच्या कागदावर उजव्या कानाची रेघ वर राहिली, डाव्याची तळाला जाऊन पडली.

"औषध देऊन बघू," तरुण डॉक्टर म्हणाला. "पण आशा लावून घेऊ नका. लस घेतली होती?"

"नाही."

त्यानं ते लिहून घेतलं.

औषधं झाली, दहा दिवस झाले, रेघ तळालाच राहिली. मार्चच्या एका रविवारी दुपारी शाळेचा आरोग्याचा कागद भरायचा होता. मधल्या खोलीत नात्सुमे खेळत होती, सरकता दरवाजा उघडाच होता. टेबलाभोवती तिघं बसली. 'कानाचा काही त्रास आहे का? असल्यास केव्हापासून, कशामुळे?' खाली दोन ओळी जागा.

"कारण माहीत नाही, असं लिही," शुंसाकु म्हणाला.

"माहीत नाही कसं? लोक विचारतील," तोमिए म्हणाल्या. "जन्मापासून लिही. म्हणजे प्रश्नच मिटला."

मिनोरीनं पेन खाली ठेवलं. "जन्मापासून?"

"मग काय गालगुंड लिहिणार? शाळा एकच आहे, बाई. रिकुतो त्याच वर्गात. सातोकोला कळलं की तिच्या घरून गेलं आणि हे असं झालं, तर तिनं तोंड कुठे लपवायचं? एवढ्या आपलेपणानं दिलं तिनं. उद्या रस्त्यात भेटली तर मी काय म्हणू?"

"तुम्हाला सातोकोची लाज वाटते?"

"दुसऱ्याला अवघडवू नये, एवढं मला कळतं. आणि असं काय आभाळ कोसळलंय? एक कान आहे की अजून!"

मिनोरीनं सासूच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर दुष्टपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त नीटनेटकेपणा होता, पेटीवरच्या कागदाच्या घडीसारखा, आणि त्या घडीत आता पोरीचा कान गुंडाळून ठेवायचा होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. या घरात आठ वर्षांत तिनं आवाज चढवला नव्हता.

"आजार मागून आणलात! पेटी देऊन, वाकून, भीक मागितल्यासारखा! आणि आता पोरगी जन्मतःच फुटकी होती असं लिहायचं, कारण शेजारणीला वाईट वाटेल?"

"हळू बोल, आवाज बाहेर जातोय," शुंसाकु म्हणाला.

"जाऊ दे! सातोकोपर्यंत जाऊ दे! ती उद्या आणखी कुणाला 'न्या की' म्हणेल. हळू बोल, हळू बोल! तू फोटो काढलास तिच्या गालांचा. अभिनंदन घेतलंस!"

"मी मुद्दाम केलं का?" तोमिए आता रडत होत्या आणि रडत रडत ओरडत होत्या. "मी आजी आहे तिची! तू आई आहेस ना, मग सहा वर्षं काय झोपली होतीस? वेळच्या वेळी टोचून आणली असतीस तर मी गेले असते का इसोबेंकडे? लिही ना तेसुद्धा! दोन ओळी आहेत, एक माझी, एक तुझी!"

"लिहिते!" मिनोरी किंचाळली. "दोन्ही लिहिते!"

आणि तिनं लिहिलं. कागद फाटेल इतकं पेन दाबून. डावा कान, फेब्रुवारीपासून, गालगुंडामुळे. लस दोन्ही वेळा राहिली; आईनं दिली नाही. आजार घरच्यांनी शेजारून मुद्दाम आणला. शुंसाकु कागद ओढायला गेला, तोमिएंनी त्याचा हात धरला की मिनोरीचा, ते कुणालाच कळलं नाही, चहाचा पेला कलंडला आणि तिघंही एकदम काहीबाही ओरडत राहिली. कुणाला काय म्हणायचं होतं ते केव्हाच संपलं होतं. नुसता आवाज उरला होता, ओंगळ, एकमेकांच्या अंगावर थुंकल्यासारखा.

मग मिनोरीला तो उघडा दरवाजा दिसला.

ती उठून मधल्या खोलीत गेली. नात्सुमे चटईवर कुशीवर पडली होती, उजवा कान उशीत घट्ट रुतवून. डोळे उघडे होते. बोटांनी ती चटईच्या काठावर काहीतरी मोजत होती, अगदी निवांत.

"नात्सुमे."

तिनं वळून बघितलं नाही. मिनोरीनं पुन्हा हाक मारली, मग गुडघ्यांवर बसून तिच्या खांद्याला हात लावला. नात्सुमेनं डोकं उचललं.

"आम्ही बोलत होतो ते... ऐकत होतीस?"

"नाही," नात्सुमे म्हणाली. "असं झोपलं ना, की तुम्ही सगळे बंद होता."

आणि तिनं डोकं पुन्हा उशीवर टेकवलं.